संगीतखुर्ची, हुतूतू आणि दाडियाबांधा

गणपती जवळ आले की समितीच्या बैठकीत मूर्ती आणि महाप्रसादानंतर विषय निघतो तो मुलांच्या खेळांचा. दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, "संगीतखुर्ची ठेवा, सोपी असते." एका वर्षी क्रीडाविभाग माझ्याकडे होता आणि मीही सोपं तेच केलं. पंचवीस मुलं उतरली आणि थोड्याच वेळात चोवीस जणं बाहेर! वडिलांची बदली झाल्यामुळे विदर्भातून नुकताच बराकपूरला आलेला एक मुलगा पहिल्याच फेरीत बाद झाला. बांगला येत नाही, ओळख कोणाशी नाही. उरलेली संध्याकाळ तो चपलांच्या ढिगापाशी बसून होता. ते मला लागलं, आणि तेव्हापासून आपल्या सांघिक खेळांचा इतिहास शोधून वाचू लागलो.

हे खेळ फार जुने, पण गावोगावी त्यांच्या रीती निराळ्या. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले. त्याच वर्षी अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेले ते याच मंडळाचे खेळाडू. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही, बसलेल्या गड्यांच्या मधून जाता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही मुभा. म्हणजे कितीही चपळ असलात तरी एकट्याने भागत नाही, पाठीमागून "खो" देऊन दुसऱ्याला उठवावंच लागतं.

बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूचे नियम केले. हुतूतूचे तेव्हा तीन प्रकार चालत. 'अमर'मध्ये बाद झालेला गडी मैदानातच राही, फक्त गुण मोजत. 'गामिनी'त तो बाहेर जाई आणि सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. 'संजीवनी'त मात्र समोरचा एक गडी मारला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येई. पुढे कबड्डी म्हणून देशभर रुजली ती संजीवनीच. हे वाचताना मला तो चपलांपाशी बसलेला मुलगा आठवला. त्याला आत आणायला आमच्या खेळात कोणी नव्हतंच.

आपल्या कोलकात्याचा यात वाटा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. देवघरजवळ वाढलेल्या, बांगलात लिहिणाऱ्या सखाराम गणेश देऊसकरांनी १९०२ च्या सुमारास कोलकात्यात शिवाजी उत्सव रुजवला. लाठी आणि कसरतीचे आखाडे चालवणारी अनुशीलन समितीही त्याच साली निघाली. १९०६ च्या शिवाजी उत्सवाला तर खुद्द लोकमान्य टिळक आले होते. पुढे १९३८ मध्ये कोलकात्याला भरलेल्या अखिल भारतीय ऑलिंपिक सामन्यांत कबड्डीला प्रवेश मिळाला. तिकडे गुरुसदय दत्त यांनी १९३२ पासून ब्रतचारी चळवळीत लोकनृत्य, गाणी आणि श्रमकार्य एकत्र आणून तरुणांना जमवलं. आपण लेझमीने जे साधतो, त्याच्या जवळचंच हे काम.

पुढच्या वर्षी मी खुर्च्या मांडल्याच नाहीत. चुन्याने आट्यापाट्यांचं मैदान आखत होतो, तर शेजारच्या वाडीतली बंगाली मुलं येऊन म्हणाली, "काकू, हे तर आमचं दाडियाबांधा!" पाट्या अडवणारे आणि त्या ओलांडून परतणारे, खेळ जवळजवळ तोच. हुतूतूला तर ते हाडुडु म्हणतातच. मग नियमांवरून दोन भाषांत जो वाद पेटला! अर्धा तास कोणी खेळलंच नाही. वाद सोडवायला मध्ये पडला तो तोच विदर्भातला मुलगा. त्याच्या तोडक्यामोडक्या बांगलाला सगळे हसले, तोही हसला, आणि मग दोन्ही बाजूंना तो आपल्याच संघात हवा झाला.

यंदा खेळ रविवारी सकाळी आहेत. चुना आणि सुतळी माझ्याकडे आहे. मैदान आखायला दोन माणसं लवकर आली तर बरं. आणि पालकांना एक विनंती, पाट्यांवर उभं राहून आपल्याच मुलाला सूचना देऊ नयेत. गेल्या खेपेला दोन बाबा बाद धरावे लागले होते.