हवाई सुरक्षेचे नियम आणि लहान उद्योग

विमानाच्या सुरक्षेबाबत तडजोड नको, हे सर्वमान्य तत्त्व आहे. मात्र एकच नियम शेकडो विमाने बाळगणाऱ्या कंपनीला आणि चार-पाच कामगारांच्या दुरुस्ती कारखान्याला लागू झाला, तर त्याचा भार दोघांवर सारखा पडत नाही. प्रशिक्षण, तपासण्या व नोंदी यांचा खर्च मोठी कंपनी हजारो उड्डाणांवर विभागते. लहान कारखान्याला तो मोजक्या कामांतून भरून काढावा लागतो. अमेरिकेने या प्रश्नासाठी १९८० मध्ये कायदेशीर चौकट उभारली.

अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या वर्षी स्वाक्षरी केलेला 'रेग्युलेटरी फ्लेक्झिबिलिटी अॅक्ट' केवळ विमान वाहतुकीपुरता नाही. एखाद्या नियमाचा बऱ्याच लहान उद्योगांवर लक्षणीय आर्थिक परिणाम होणार असेल, तर संबंधित सरकारी यंत्रणेला त्याचे विश्लेषण प्रसिद्ध करावे लागते. अंमलबजावणीसाठी जादा मुदत, सुटसुटीत अहवाल, अंशतः सूट अशा पर्यायांचा विचार त्यात अपेक्षित असतो. सर्वांत स्वस्त पर्याय स्वीकारण्याची सक्ती मात्र नाही. परिणाम होणार नसेल, तर तसे कारणांसह प्रमाणित करावे लागते. १९९६ च्या दुरुस्तीनंतर या कर्तव्यात कसूर झाल्यास न्यायालयात दाद मागता येऊ लागली.

या तरतुदीचे महत्त्व २००७ मध्ये स्पष्ट झाले. विमानांची देखभाल करणाऱ्या कामगारांची अमली पदार्थ व मद्य चाचणी 'फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशन'ने (एफएए) २००६ च्या नियमाने कोणत्याही पातळीवरच्या उपकंत्राटदारांपर्यंत नेली होती. नियम विमान कंपन्यांसाठी आहे, उपकंत्राटदारांसाठी नव्हे. म्हणून त्यांच्यावरील परिणाम मोजण्याची गरज नाही, असा एफएएचा पवित्रा होता. 'एरोनॉटिकल रिपेअर स्टेशन असोसिएशन' या दुरुस्ती केंद्रांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने चाचणीचा नियम वैध ठरविला. परंतु त्याची झळ थेट लहान कंत्राटदारांना बसते, तेव्हा विश्लेषण करावेच लागेल, असे सांगून तेवढा भाग एफएएकडे परत पाठविला.

हाच विचार २०२४ च्या नियमात दिसतो. धोके आधीच हेरून ते कमी करणारी 'सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम' मोठ्या प्रवासी कंपन्यांना २०१५ च्या नियमाने बंधनकारक झाली होती. २०२४ मध्ये ती चार्टर सेवा व हवाई सफरी चालविणाऱ्यांनाही लागू करण्यात आली. मूळ प्रस्तावात त्यांना २४ महिन्यांची मुदत होती. अंतिम नियमात ती ३६ महिने झाली. जेथे सर्व कामे एकच व्यक्ती पाहते, अशा व्यवसायांना काही कलमांतून वगळण्यात आले. कर्मचाऱ्यांनी धोक्याची माहिती गोपनीयरीत्या कळविण्याची व्यवस्था हे त्यांपैकी एक. एकट्या वैमानिकाने ती कोणासाठी उभारायची? धोके ओळखण्याची मूळ जबाबदारी मात्र त्याच्यावरही कायम आहे.

लहान व्यावसायिकाच्या विमानात बसलेल्या प्रवाशाचा जीव कमी मोलाचा नसतो. त्यामुळे सरसकट सूट हे न्याय्य नियमनाचे उत्तर नव्हे. सुरक्षेची पातळी तीच ठेवायची, पण तेथवर पोहोचण्याचा मार्ग उद्योगाच्या आकारमानानुसार आखायचा आणि नियम करण्यापूर्वी त्याचा भार नेमका कोण वाहणार हे मोजायचे, हे या कायद्याचे सार आहे.