वैद्यकीय निष्काळजीपणाचे दावे : मुदतमर्यादा

वैद्यकाच्या किंवा रुग्णालयाच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या इजेबद्दल नुकसानभरपाई मागण्याकरिता विधीने ठरवून दिलेला काळ. तो उलटल्यावर मागणी खरी असली, तरी न्यायालयात चालू शकत नाही. कालांतराने साक्षीदार व कागदपत्रे दुर्मिळ होतात आणि कोणासही अनिश्चित काळ दाव्याच्या धास्तीत राहावे लागू नये, ही या नियमामागील कारणे होत. वैद्यकीय इजा मात्र पुष्कळदा शरीरात दडून राहते. त्यामुळे मुदत मूळ कृत्यापासून मोजावी की इजा कळल्यापासून, हा या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न ठरला.

इंग्लंडमध्ये पहिल्या जेम्सच्या कारकीर्दीतील १६२३ च्या अधिनियमाने दाव्यांच्या मुदती निश्चित केल्या. शारीरिक इजेच्या दाव्यांची मुदत १९५४ मध्ये तीन वर्षे झाली. धुळीमुळे फुप्फुसांचा विकार जडलेल्या कामगारांचे दावे, रोग कळण्यापूर्वीच मुदत संपल्यामुळे, हाउस ऑफ लॉर्ड्सने १९६३ मध्ये अमान्य केले. हा अन्याय दूर करण्यासाठी त्याच वर्षी कायदा बदलण्यात आला. १९८० च्या अधिनियमानुसार वादकारण उद्‌भवल्यापासून किंवा वादीस इजेचे ज्ञान झाल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल तेव्हापासून, तीन वर्षे मोजतात.

भारतात मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या विनियमांत मुदतीचे नियम होते. सर्वसाधारण कायदा १८५९ मध्ये झाला. १९०८ च्या अधिनियमात शारीरिक इजेच्या भरपाईस एकच वर्ष दिले होते. १९६३ च्या अधिनियमात स्वतंत्र तरतूद नसलेल्या दाव्यांना तीन वर्षांची मुदत आहे. अज्ञान व्यक्तीस सज्ञान झाल्यानंतरची मुदत मिळते. प्रतिवादीने कपटाने माहिती दडविल्यास ती उघड होईपर्यंत मुदत सुरू होत नाही. तथापि दाव्यास झालेला विलंब न्यायालयास क्षमापित करता येत नाही.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात १९९३ मध्ये दोन वर्षांची मुदत घालण्यात आली. पुरेशा कारणास्तव विलंब क्षमापित करण्याची मुभाही देण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सशुल्क वैद्यकीय सेवा या अधिनियमाच्या कक्षेत असल्याचे ठरविल्याने ही मुदत महत्त्वाची झाली. २०१९ च्या अधिनियमातही ती कायम आहे.

१९९३ मधील शस्त्रक्रियेनंतर पोटात राहिलेली जाळीदार कापडाची पट्टी २००२ मध्ये आढळल्याच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्णय दिला. निष्काळजीपणाचा परिणाम उघड असेल, तर मुदत कृत्याच्या दिवसापासून आणि सुप्त असेल, तर तो कळल्यापासून किंवा वाजवी दक्षतेने कळू शकला असता तेव्हापासून मोजावी, असे न्यायालयाने सांगितले. मात्र रुग्णास नऊ वर्षे वेदना होत असूनही तिने वेळीच तपासणी केली नाही, या कारणास्तव तक्रार मुदतबाह्य ठरली. इजा कळण्याचा नियम रुग्णास आधार देत असला, तरी तो दक्षतेची जबाबदारीही त्याच्यावरच टाकतो, हे या निर्णयावरून स्पष्ट होते.