देवाचा आनंद आणि मराठी मुखातील स्तुती

धर्मग्रामाचा महोत्सव म्हटला की स्तुतिगीतांचा घोष होणारच. अशा वेळी एक जुनी शंका पुढे मांडण्यास हरकत नसावी. परमेश्वर जर स्वयंपूर्ण व सदानंद आहे, तर मनुष्याच्या स्तुतीने त्यास काय लाभ? स्तुतीवाचून ज्याचे अडते तो देव दरबारी राजाच ठरेल. आणि ज्यास तिचे काहीच वाटत नाही, त्याच्यापुढे गावे तरी कशास?

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात याचा उलगडा केला आहे. देव स्वभावतःच परमसुखी आहे. आपण वाचेने त्याची स्तुती करतो ती त्याच्या उपयोगाकरिता नव्हे, तर आपले व ऐकणाऱ्यांचे अंतःकरण त्याच्याकडे वळावे म्हणून. १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेनेही शिकविले की देवाने सृष्टी निर्मिली ती आपले सुख वाढविण्यास नव्हे, तर आपले चांगुलपण प्रकट करण्यास. एवढ्यावरच थांबल्यास मात्र देव उदासीन वाटू लागेल. म्हणून जोडीस सफन्या संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचावा. तेथे गाणारा खुद्द देव आहे, आपल्या प्रजेविषयी हर्षित झालेला. संत लूकच्या पंधराव्या अध्यायातील मेंढपाळही हरवलेले मेंढरू खांद्यावर घेऊन शेजाऱ्यांस आनंदास बोलावितो. तो का हर्षला हे शिरूरकडील धनगरास कोणी समजावून सांगावयास नको! आनंद प्रथम देवाचा; आपली स्तुती हा त्याचा पडसाद होय.

हा पडसाद आपल्या मराठीत कसा उमटला, हे पाहू गेल्यास आधी गोव्याकडे वळावे लागते. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये तेथे उतरले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथारंभी एक प्रसंग आहे: नवदीक्षित ब्राह्मण पाद्रींस विचारतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केली, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? आम्हांस हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. ज्याचे गाणे काढून घेतले, त्याच्या हाती नुसती प्रश्नोत्तरावली देऊन भागत नाही, हे स्टीफन्स यांनी ओळखिले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला, तरी हे पुराण हस्तलिखितांतून टिकले. १९०७ मध्ये ते मंगळूरास छापले गेले आणि १९५६ मध्ये आपल्या पुण्यात देवनागरीत प्रसिद्ध झाले.

आता घराजवळ येऊ. दौंड तालुक्यातील केडगाव कोणास ठाऊक नाही? पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या. तथापि त्यांचे नाव येथे वगळणे अनुदारपणाचे होईल. त्या पुराणिकाच्याच घरी वाढल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत आईवडील व थोरली बहीण दगावली. १८८३ मध्ये रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून त्यांनी शेकडो उपाशी मुली व स्त्रिया आणिल्या. केडगावचे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले ते असे.

तेथे १९०५ च्या जून महिन्यात प्रार्थनेची मोठी जागृती झाली. मुली प्रथम आपल्या पापांबद्दल रडल्या, आणि मग मोठ्याने हर्षगीते गाऊ लागल्या. शिस्तप्रिय मंडळींस हा गलबला रुचला नाही. पंडिताबाईंनी त्यास आडकाठी केली नाही. त्या जागृतीतील प्रत्येक गोष्टीचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. परंतु आईबाप दुष्काळाने नेलेल्या मुलीने देवाची स्तुती करावी, ही गोष्ट सहजी बोलून टाकण्यासारखी नाही. देव स्तुतीचा भुकेला असता, तर भुकेल्या पोरींकडून ती मागणे हे क्रौर्यच ठरते. केडगावात क्रम उलटा होता: भाकर, वस्त्र व अक्षरओळख आधी, गाणे मागाहून. अशा स्त्रियांस वाचता यावा म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे सुबोध मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या, आणि तो ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

आपल्याकडे वेदीवरील भाषा तोवर लॅटिनच होती. मिस्साबाहेर भक्तिगीते मराठीत, मिस्सात लॅटिन, असा दुहेरी संसार कित्येक वर्षे चालला. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीवरील संविधान संमत करून लोकभाषेस वाट दिली, आणि मिशनप्रदेशांतील लोकांच्या परंपरागत संगीतासही मान दिला. ज्या वृद्धांचे कान लॅटिन गायनास सरावले होते, त्यांस हा बदल जड गेला. त्यांचे दुःख खोटे नव्हते. १९७० च्या मिस्साग्रंथातील एका स्तवनात मात्र आरंभीच्या शंकेचे उत्तर प्रार्थनेच्या रूपाने आले आहे. देवास आमच्या स्तुतीची गरज नाही, आणि आम्ही त्याचे आभार मानितो ती इच्छाही त्याचेच दान, असा त्याचा आशय. साध्या दिवसांच्या मिस्सात म्हणावयाचे हे स्तवन आहे, आणि सोमवारी सकाळी मंदिरात चार माणसे असली तरी ते म्हणता येते.