डोळ्यांत न घुसणारा उजेड

गेल्या दिवाळीत आम्ही जेवणाच्या टेबलावर टांगायला एक दिवा घेतला. हल्ली प्रत्येक कॅफेत असतो तसा. काळी वायर आणि टोकाला नुसता काचेचा बल्ब, आतली पिवळी तार दिसणारा. फोटोत भारी दिसायचा. (फोटोसाठीच घेतला होता की काय, असं आता वाटतं!) आठवड्याभरात बाबा ताट घेऊन आतल्या खोलीत जेवायला लागले. आम्हाला वाटलं, टीव्हीवरच्या बातम्यांसाठी. शेवटी विचारलं, तर म्हणाले, "अरे, तो बल्ब डोळ्यांत घुसतो. समोर कोण बसलंय तेच दिसत नाही." त्यांना मोतीबिंदूची सुरुवात आहे.

उजेड भरपूर, तरी समोरचा माणूस दिसत नाही. हा बग शोधण्यात माझा सगळा शनिवार गेला, आणि शोधता शोधता पोचलो थेट डेन्मार्कात, पोल हेनिंगसेन नावाच्या माणसापाशी. तिकडे त्याला नुसतं 'पीएच' म्हणतात.

पीएचचा जन्म १८९४चा. लहानपण रॉकेलच्या दिव्यांच्या मऊ उजेडात गेलं. मग घरोघरी वीज आली. सुरुवातीचे बल्ब तसे मिणमिणतेच होते, पण १९१३च्या सुमारास वायू भरलेले टंगस्टनचे बल्ब निघाले आणि उजेड एकदम वाढला. गंमत अशी, की दिव्याचा जीव बदलला तरी अंगरखा जुनाच राहिला. कुठे रॉकेलच्या काळातल्या शेड, तर कुठे बल्ब उघडाच. आपला डोळा समोरच्या सगळ्यात प्रखर गोष्टीशी जुळवून घेतो, त्यामुळे बल्ब झगझगतो आणि बाकीची खोली काळी पडते. डोळ्याचं भिंग गढूळ झालं असेल तर तोच उजेड आत पसरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढुरका पडदा येतो. बाबांचं हेच होत होतं.

पीएचने यावर वर्षानुवर्षं डोकं खपवलं. १९२५च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या दिव्याला सुवर्णपदक मिळालं, आणि पुढच्याच वर्षी तीन शेडचा प्रसिद्ध दिवा आला. एकाखाली एक तीन शेड. वरची मधलीच्या दुप्पट आणि खालचीच्या चौपट रुंद. शेडचा बाक लॉगरिदमिक स्पायरलचा, म्हणजे साधारण शंखाच्या वळणासारखा. बल्ब त्या वळणाच्या केंद्राशी. या वक्राचा गुण असा, की केंद्रातून निघालेला किरण त्याला कुठेही लागला तरी कोन तोच राहतो. म्हणून शेडवर उजेड सारखा पसरतो, बराचसा खाली टेबलावर येतो, थोडा बाजूला चेहऱ्यांवर. आणि खुर्चीवर बसलेल्याला बल्ब दिसतच नाही. कॉलेजात हा स्पायरल फक्त परीक्षेपुरता भेटला होता, तो इथे जेवणाच्या टेबलावर भेटला!

आपल्याकडे बहुतेक घरांत उजेड म्हणजे ट्यूबलाइट. खोलीभर सपाट उजेड, सावली जवळजवळ नाहीच. अभ्यासाला उत्तम. पण टेबलावर खाली उतरलेल्या दिव्याखाली कोपरे अंधारे राहतात आणि चार माणसं आपोआप जवळ सरकून बसतात. कोपनहेगनला डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा. तिथे घरातला दिवा ही काही शोभेची वस्तू नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी डेन्मार्क व्यापलं आणि रात्री ब्लॅकआउट सुरू झाला. पीएच तेव्हा कोपनहेगनच्या तिवोली बागेचा आर्किटेक्ट होता. त्याने असे दिवे बनवले की वाटेवर उजेड पडेल, पण वरून विमानाला काही दिसणार नाही. त्यामुळे बाग मध्यरात्रीपर्यंत उघडी राहू शकली. तत्त्व तेच, फक्त या वेळी बल्ब लपवायचा होता तो विमानातल्या डोळ्यांपासून. पुढे १९४३मध्ये त्याला स्वतःलाच एका छोट्या होडीतून स्वीडनला पळावं लागलं.

त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र १९५८ची. बल्ब कंपन्या न सांगता बल्बचा आकार बदलायच्या आणि त्याचं सगळं गणित कोलमडायचं. (लायब्ररीच्या नव्या व्हर्जनमुळे रात्री दोनला उठलेल्या माझ्या मित्रांनो, हा माणूस आपलाच!) वैतागून त्याने 'पीएच ५' काढला. ५० सेंटीमीटर व्यासाचा, बल्ब पुरता झाकलेला, आत कुठलाही लावा. शिवाय आत लाल आणि निळे भाग, कारण आपल्या डोळ्याला पिवळा-हिरवा रंग सहज टिपता येतो आणि या दोन टोकांना तो कमी पडतो.

अस्सल पीएच ५ची किंमत पाहिली आणि टॅब बंद केला. एक साधी, आतून पांढरी, खोलगट अ‍ॅल्युमिनियमची शेड आणली, वायर वाढवून दिवा टेबलापासून दोन फुटांवर आणला. मग एकेका खुर्चीत बसून बल्ब दिसतो का ते पाहिलं. बाबांच्या खुर्चीतून अजून दिसत होता, म्हणून आणखी दोन इंच खाली.

रात्री बाबा ताट घेऊन आले, बसले. जरा वेळाने बायकोकडे बघून म्हणाले, "अगं, तू दमलेली दिसतेस आज."

वाढलेली वायर अजून वर लोंबतेय. ते काम पुढच्या शनिवारी.