पीटरलूचे मुद्राचित्र : ऐतिहासिक साधन म्हणून विचार

१६ ऑगस्ट १८१९ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे सेंट पीटर्स फील्ड या मैदानात संसदीय सुधारणांच्या मागणीसाठी सुमारे ६०,००० लोक एकत्र जमले होते. या औद्योगिक नगराचा स्वतंत्र असा एकही प्रतिनिधी तेव्हा संसदेत नव्हता. दंडाधिकाऱ्यांनी सभेचा अध्यक्ष हेन्री हंट याच्या अटकेचा हुकूम काढला. स्थानिक स्वयंसेवकांचे योमनरी घोडदळ तलवारी उपसून गर्दीत शिरले. मागोमाग खड्या सैन्यातील हुसार स्वारांनी मैदान मोकळे केले. सुमारे १८ जण मृत्यू पावले आणि ६०० हून अधिक जखमी झाले. वॉटर्लूच्या लढाईला चारच वर्षे झाली होती. त्या नावावर उपरोधिक कोटी करून या घटनेस ‘पीटरलू’ हे नाव पडले.

या घटनेची जी चित्रे निघाली त्यांत रिचर्ड कार्लाइल याने १ ऑक्टोबर १८१९ रोजी प्रसिद्ध केलेले रंगीत मुद्राचित्र विशेष उल्लेखनीय होय. कार्लाइल हा स्वतः व्यासपीठावर उपस्थित होता. चित्रात व्यासपीठावर ध्वज धरलेल्या स्त्रिया ठळकपणे दाखविल्या असून, खाली घोडेस्वार निःशस्त्र जमावावर तुटून पडलेले आहेत. हे चित्र हंट व सुधारणावादी स्त्रियांना अर्पण केलेले असून अर्पणलेखात दोष केवळ योमनरीच्या माथी मारला आहे. हुसारांचा तेथे निर्देशही नाही. तेव्हा प्रत्यक्षदर्शी असला तरी प्रकाशक हा पक्षकार आहे, हे विसरता येत नाही.

याच प्रसंगावरील जॉर्ज क्रुकशँक याच्या व्यंगचित्रात योमनरीच्या हाती तलवारींऐवजी कुऱ्हाडी आहेत, आणि जितके लोक मरतील तितका गरिबांसाठीचा कर कमी होईल असे त्यांस बजावले जात आहे. शस्त्रांचा हा तपशील अर्थातच काल्पनिक होय. तथापि योमनरीत कारखानदार व दुकानदार यांचा मोठा भरणा होता. हा संघर्ष वर्गीय वैराचाही होता, ही सामाजिक वस्तुस्थिती व्यंगचित्रकाराने अचूक हेरली आहे.

कार्लाइलच्या चित्रातील स्त्रियांचे प्राधान्य हे केवळ करुणरस निर्माण करण्याचे साधन मानावे काय? येथे स्वतंत्र पुरावा उपयोगी पडतो. जखमींना मदत वाटण्याच्या निमित्ताने त्या काळी याद्या तयार झाल्या होत्या. त्यांच्या आधारे मायकेल बुश यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६५४ बळींपैकी किमान १६८ स्त्रिया असल्याचे दाखविले. जमावात मात्र स्त्रियांचे प्रमाण १२ टक्क्यांहून कमी असावे असा अंदाज आहे. म्हणजे स्त्रियांना इजा होण्याचा धोका पुरुषांच्या दुपटीहून अधिक होता. मांडणी हेतुपुरस्सर असूनही चित्राचे मुख्य विधान टिकते.

या साधनाचे महत्त्व दुसऱ्या एका कारणानेही वाढते. गृहमंत्री लॉर्ड सिडमथ याने काही दिवसांतच राजप्रतिनिधीच्या वतीने दंडाधिकाऱ्यांचे आभार मानले. चौकशीची मागणी शासनाने फेटाळली, आणि १८२२ च्या दिवाणी खटल्यातही योमनरीचे अधिकारी निर्दोष ठरले. उलट हंट याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. कार्लाइल हा पेनचे ग्रंथ प्रसिद्ध केल्याबद्दल १८१९ मध्येच तुरुंगात गेला. शासकीय दप्तरात ज्यांच्या फिर्यादीला जागा नव्हती, त्यांची फिर्याद या चित्राने नोंदविली. म्हणून त्याचे वाचन घटनेचे प्रतिबिंब म्हणून करणे चुकीचे, आणि प्रचार म्हणून ते बाजूस सारणेही तितकेच चुकीचे. साक्षीदाराच्या जबानीप्रमाणे त्याची उलटतपासणी करणे, हाच संशोधकाचा मार्ग होय.