‘कॅरेक्टर’च्या रकान्याची कुळकथा

खेळाडूचा स्वभाव जोखण्याची टूम कुठून निघाली, असं विचारलं की पाठ्यपुस्तकं कोलमन ग्रिफिथ यांचं नाव घेतात. इलिनॉय विद्यापीठात 1925 मध्ये त्यांनी खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढली. 1938 मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकाने त्यांना बोलावलं आणि संघाच्या मॅनेजरांनी त्यांची टर उडवली. मान त्यांना जरूर द्यावा, पण त्यांचा वंश पुढे चालला नाही. माझ्या मते या कुळाचा मूळपुरुष अलीगढचा आहे, आणि त्याला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

सलाम कुरेशी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेले संख्याशास्त्रज्ञ. खेळ ठाऊक तो क्रिकेट. डॅलस काउबॉइज हा संघ 1960 मध्ये निघाला. त्याचे कर्तेधर्ते टेक्स श्राम यांनी त्याच वर्षी हिवाळी ऑलिंपिकमध्ये आयबीएमचं यंत्र निकाल कसे झटपट काढतं ते पाहिलं होतं. कॉलेजातली पोरं निवडायला हेच वापरू, म्हणून ते आयबीएमच्या एका उपकंपनीकडे गेले आणि काम आलं कुरेशींच्या टेबलावर.

अडचण यंत्राची नव्हती, विशेषणांची होती. खेळाडू हेरणाऱ्या एका स्काउटचा ‘जिगरबाज’ दुसऱ्याच्या लेखी निव्वळ उर्मट. मुंबईच्या मैदानावर ‘खडूस’ ही शाबासकी आणि घरात तीच शिवी, तशातली गत. जाणकाराने हे मोघम शब्द चालवून घेतले असते. कुरेशींना त्यातून काहीच दिसत नव्हतं, म्हणून प्रत्येक शब्दाचा नेमका अर्थ ठरवणं भाग पडलं. शेकडो गुणांची यादी कापत कापत पाचांवर आली: कॅरेक्टर, ईर्षा, तल्लखपणा, चपळाई आणि ताकद. पाचांतले तीन मनाचे! स्काउटपुढे ठरावीक विधानं ठेवायची आणि त्याने 1 ते 9 मधला आकडा टाकायचा.

यावर सॅन होजेवाले हरकत घेतील. तिथल्या ब्रूस ओगिल्व्ही आणि थॉमस टटको या मानसशास्त्रज्ञांचं, त्रासदायक खेळाडूंना कसं हाताळावं, हे पुस्तक 1966 चं. त्यांची 190 प्रश्नांची चाचणी त्यानंतरची. संघांनी ती हौसेने घेतली, मग मानसशास्त्रज्ञांनीच तिच्यावर झोड उठवली. पण तिथे प्रश्न खुद्द खेळाडूला. निवड उत्तरांवर ठरणार म्हटल्यावर ‘मी सराव टाळतो’ असं लिहील कोण? कुरेशींच्या तक्त्यात बघणाऱ्याला विचारतात. आजच्या स्काउटच्या अहवालातला स्वभावाचा रकाना याच शाखेतला, हे मी छातीठोकपणे सांगतो. दोन्ही कामं एकाच दशकातली, तेव्हा एकाची कुणकुण दुसऱ्याला लागली असणारच. हा मात्र निव्वळ तर्क.

तक्ता चालला का? 1966 पासून ओळीने 20 हंगाम काउबॉइजनी हरले त्यापेक्षा जास्त सामने जिंकले. डोकेदुखी मात्र टळली नाही. 1970 मध्ये पहिल्या फेरीत निवडलेला ड्युएन थॉमस पुढच्याच वर्षी पगारावरून बिनसला, प्रशिक्षक टॉम लँड्री यांना उघडपणे ‘प्लॅस्टिकचा माणूस’ म्हणाला आणि हंगामभर पत्रकारांशी बोलला नाही. जानेवारी 1972 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, त्याने टचडाउन केला, काउबॉइज 24-3 ने जिंकले, आणि त्याच वर्षी त्यांनी त्याला सॅन डिएगोला देऊन टाकलं.