आचऱ्याच्या गाण्याला जाताना

मालवणाहून आचऱ्यास जावयाचे तर समुद्राच्या अंगाने जवळचा रस्ता आहे. चैत्रात रामनवमीचा उत्सव सुरू झाला की रामेश्वराच्या देवळात कीर्तन आणि गाणे होते, आणि ते ऐकावयास निघालेली मंडळी साहजिकच हा रस्ता धरतात. आम्ही मात्र सकाळीच निघालो आणि कालावलच्या खाडीकाठाने आत मसुऱ्याकडे वळलो. गाणे रात्रीचे, दिवस सारा मोकळा, आणि बरोबरच्या मंडळींत इतिहासाची खोड लागलेले दोघेतिघे होते. एवढे कारण वाट वाकडी करावयास पुरे होते.

सह्याद्रीतून निघून कणकवलीवरून येणारी गड नदी येथे खाडी होते. तिच्या दक्षिण काठावर मसुरे, आणि मसुऱ्याच्या डोंगरावर भरतगड. समोर, उत्तरेच्या काठावर, भगवंतगड. दोन किल्ले एकमेकांकडे टक लावून बसले आहेत, मध्ये फक्त खाडीचे पाणी. अलीकडला वाडीकर सावंतांचा, पलीकडला बावडेकर पंत अमात्यांचा. खाडीतून होडीने माल वर जाई, तो कोणाच्या नजरेखालून जावा एवढ्यासाठी हा शेजार मांडलेला होता. मसुरे हे भातशेतीचे भरलेले गाव. त्याचा वसूल कोणाकडे जावयाचा हाही प्रश्न होताच.

भरतगडाची कथा पाण्याची आहे. १६७० साली शिवाजी महाराजांनी हा डोंगर पाहिला, पण पाणी नाही म्हणून सोडून दिला, असे सांगतात. मालवणच्या माणसाला याची गंमत वाटेल. १६६४ साली त्याच राजाने भर समुद्रातल्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. तेथे चहूकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. येथे डोंगर जमिनीवरचा, पायथ्याला नदी, आणि माथा कोरडा! किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, हा दंडक पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात स्पष्ट घालून दिला. त्याच अमात्यांचे घराणे खाडीपलीकडे किल्ला उठवणार, ही कुणकुण वाडीच्या फोंड सावंतांना लागली. त्यांनी आधी विहीर खणून पाहिली, खडक फोडीत फोडीत पाणी लागेपर्यंत खाली गेले, आणि मग १७०१ साली किल्ला बांधून काढला, अशी हकीकत आहे. आज्ञापत्र लिहिले जाण्याआधीच त्यातला नियम प्रतिपक्षाने पाळला, असे म्हणावयास हरकत नाही.

किल्ला चढावयास सोपा. तट जांभ्या दगडाचा, आत बालेकिल्ला, महापुरुषाचे लहानसे देऊळ, आणि बाकी सारी आमराई. जागा आता खाजगी मालकीची असल्याने विचारूनच आत जावे. विहिरीशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो. आत डोकावले तरी तळाचा अंदाज लागेना. टाकलेल्या खड्याचा आवाज येण्याची वाट पाहावी लागली. आमच्याबरोबर चढलेले गावातले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पाणी आसा, पण दोर लांब व्हयो." १८१८ साली इंग्रजांनी हा मुलूख घेतला तेव्हापासून दोर सोडावयास येथे शिबंदी राहिली नाही.

गाण्याला निघून पाण्याचे एवढे पुराण कशाला, असे कोणी विचारील. आमच्या मते गाण्याचेही असेच आहे. गाणारा एखाद्या गावी जन्मतो, शिकतोही. पण तो तेथे टिकणार की नाही हे पोटापाण्यावर ठरते. याच किनाऱ्याचे ढळढळीत उदाहरण म्हणजे रामकृष्णबुवा वझे. जन्म सावंतवाडी संस्थानात, १८७१ च्या सुमाराचा. वडील लहानपणीच गेले. गाण्याचे आरंभीचे धडे त्यांना ज्यांच्याकडे मिळाले त्यांत मालवणचे विठोबाअण्णा हडप हे एक. म्हणजे मालवणात तेव्हा शिकवणारा होता, शिकणाराही होता. तरी बुवांनी कोवळ्या वयातच घर सोडले आणि अन्नासाठी व विद्येसाठी गावोगाव हिंडत थेट ग्वाल्हेर गाठले. निसार हुसेन खाँसाहेबांकडे शिकले. पुढे नाटकमंडळ्यांना चाली दिल्या, केशवराव भोसले आणि दीनानाथ मंगेशकर यांच्यासारखे शिष्य केले, 'संगीत कला प्रकाश' लिहिले. १९४५ साली वारले तोपर्यंत त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले होते. गाव शिकवू शकले, पोसू शकले नाही.

मग या गावांतून गाण्याला पोसणारे काय होते? देऊळ होते. आचऱ्याचे संस्थान आजही 'इनामदार श्रीदेव रामेश्वर' म्हणवते, त्यात सारे आले. इनामाच्या उत्पन्नातून आणि गावकीच्या वाट्यातून दिवाबत्ती, वाजप, उत्सव चालत. पण येथे थोडे थांबले पाहिजे. इनामाचे कौतुक करताना आपण ज्यांच्या सेवेवर ते चाले त्यांचे नाव घेत नाही. दक्षिण कोकणातल्या अनेक देवळांत देवळी शिंग-वाद्ये वाजवीत. भाविणी देवळाची झाडलोट करीत, दिवे लावीत. मुलीला शेस भरून देवाला वाहिले की तिचे सारे आयुष्य त्या उंबरठ्याशी बांधले जाई. तिला ग्वाल्हेरची वाट धरता येत नसे. मुंबई इलाख्यात, म्हणजे मालवणासुद्धा, १९३४ च्या कायद्याने मुली वाहणे बेकायदेशीर ठरले. त्यामागे त्या समाजातल्याच सुधारकांची वर्षानुवर्षांची खटपट होती. शेजारच्या गोव्यातल्या अशाच कलावंत समाजातून केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई बाहेर पडल्या, आणि मुंबईने त्यांना मानाने ऐकले. बाहेर पडू न शकलेल्यांची गणती कोणी ठेवली नाही. भरतगडाची विहीर कोणी खणविली हे कागदांत आहे, खणली कोणी हे नाही. तसाच हा प्रकार.

संध्याकाळी खाडी ओलांडून आम्ही आचऱ्यात आलो. हे गाव एकत्र काय करू शकते याचा पुरावा म्हणजे गावपळण. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल घेऊन सारा गाव गुरेढोरे, कोंबड्याकुत्र्यांसह वेशीबाहेर जातो, तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत काढतो आणि पुन्हा कौल मिळाला म्हणजे परततो. शेजारच्या चिंदर आणि वायंगणीतही ही चाल आहे. घरे रिकामी करण्यावर ज्या गावाचे एकमत होते त्याला उत्सव उभा करणे जड नाही. त्यात मुंबईच्या चाकरमान्यांचा हात मोठा. पूर्वी ते आगबोटीने मालवण बंदरात उतरत, आणि पावसाळ्यात ती बंद. आता कोकण रेल्वेने कणकवलीस उतरून येतात. तिकीट नाही, खुर्च्यांचे दर नाहीत. पहिल्या रांगेत मुले झोपलेली, खांबाला टेकून म्हातारी माणसे, आणि समेवर मान नेमकी हलते ती बहुधा त्या खांबापाशी.

त्या रात्री गाणाऱ्या बाई मुंबईहून आल्या होत्या. बिहागाचा ख्याल त्यांनी तासभर गाइला. मागून कोणी अभंगाची फर्माईश केली, तीही आनंदाने पुरी केली. पहाटे कणकवलीची गाडी गाठावयाची म्हणून नारळ आणि बिदागी घेऊन त्या निघाल्या, तेव्हा देवळातले दिवे तेवतच होते आणि मंडळी भैरवीबद्दल वाद घालीत तशीच बसून होती.